जबाबदारी वाढली, पगार तोच: वाढ नेमकी केव्हा मागायची?

टीममधलं कुणीतरी नोकरी सोडतं. "माणूस मिळेपर्यंत जरा तू बघशील का?" असं साहेब विचारतात आणि आपण हो म्हणतो. माणूस काही मिळत नाही. तीन-चार महिन्यांत ते काम तुमचंच आहे असं सगळे धरून चालतात, पगार मात्र जुन्याच कामाचा येत राहतो.

बहुतेक जण मग अप्रेजलच्या पत्राची वाट बघतात. एप्रिल-मेमध्ये पत्र येतं, आकडा बघून तोंड कडू होतं आणि तेव्हा कुठे साहेबांची केबिन गाठली जाते. तोवर फार उशीर झालेला असतो. एप्रिल-मार्च वर्ष पाळणाऱ्या कंपन्यांत वाढीसाठी एकूण किती पैसे, हे साधारण जानेवारी ते मार्चमध्ये ठरतं आणि त्यातच ते माणसांवर वाटलंही जातं. त्यानंतर साहेबांच्या मनात असलं तरी हातात फारसं उरत नाही.

(केंद्र किंवा राज्य सरकारच्या नोकरीत असाल तर पुढचं वाचलं नाहीत तरी चालेल. सातव्या वेतन आयोगाची ३ टक्के वार्षिक वाढ १ जानेवारी किंवा १ जुलैला आपोआप लागते.)

१. काम वाढलंय की जबाबदारी?

आधी दिवसाला चाळीस व्हाउचर करत होतात, आता साठ करता. हे काम वाढलं. आधी जीएसटी रिटर्न तुम्ही तयार करायचा आणि दुसरं कुणीतरी तपासायचं. आता तपासणारे तुम्हीच, आणि नोटीस आली तर पहिली हाक तुम्हालाच. ही जबाबदारी वाढली. कामाच्या ओझ्यासाठी मदतनीस मागावा किंवा ओव्हरटाइम मागावा. पगाराच्या मागणीला मात्र जबाबदारीचा आधार लागतो. चुकल्यावर कुणाला विचारतात, सुट्ट्या कोण मंजूर करतं, क्लायंटशी थेट कोण बोलतं, यावरून ओळखा.

२. काम हाती येईल त्याच दिवशी तारीख मागून घ्या

ही पायरी सगळ्यात सोपी आणि सगळ्यात जास्त चुकवली जाणारी. त्या दिवशी पगाराचा विषय काढू नका. फक्त विचारा, "सर, हे तात्पुरतं आहे की कायम? तीन महिन्यांनी आपण बसून बघूया का?" मग दोन ओळींचा मेल टाका: "आज बोलल्याप्रमाणे डिस्पॅचचं काम १ ऑगस्टपासून मी बघते आहे. नोव्हेंबरमध्ये याचा आढावा घ्यायचं ठरलं आहे." पुढे साहेब बदलले तरी मेल राहतो. आपल्याकडे मॅनेजर किती चटकन बदलतात, हे वेगळं सांगायला नको.

३. कामाचा एक पूर्ण फेरा होऊ द्या

पहिल्या महिन्यात मागितलंत तर "आधी करून तर दाखव" हे उत्तर ठरलेलं. किती थांबायचं ते कामावर आहे. अकाउंट्समध्ये एक तिमाही तरी बंद करून दाखवा. प्रोजेक्ट असेल तर एक डिलिव्हरी, कारखान्यात शिफ्टची सुपरवायझरी असेल तर एखादं ऑडिट पार पडू द्या. एकूण तीन ते सहा महिने धरा. वर्ष उलटू देऊ नका, कारण मग "हे तर तू आधीपासूनच करतेस की" असं म्हटलं जातं आणि त्याला उत्तर देणं जड जातं.

या काळात काय केलं ते महिन्याला चार ओळींत लिहून ठेवा, आकड्यांसकट. "खूप मेहनत घेतली" याला किंमत नाही. "अडकलेली वसुली नव्वद दिवसांवरून साठवर आणली" याला आहे.

४. कॅलेंडर उलटं मोजा

एप्रिलची वाढ हवी असेल तर बोलणी डिसेंबरमध्ये, फार तर जानेवारीच्या मध्यापर्यंत झालेली बरी. कंपनीचं वर्ष जानेवारी-डिसेंबर असेल, तर हेच ऑक्टोबरच्या आधी. जबाबदारी मेमध्ये आली असेल तर पुढच्या एप्रिलपर्यंत गप्प बसायचं कारण नाही. ऑक्टोबरच्या आसपास वर्षाच्या मध्येच पगार सुधारून मागता येतो. सगळ्या कंपन्या देत नाहीत, पण निदान डिसेंबरमध्ये विषय नवा राहत नाही.

छोट्या फर्ममध्ये बजेट-बिजेट काही नसतं, मालकाचा खिसा असतो. तिथे मोठं पेमेंट जमा झाल्याचा आठवडा गाठा. महिन्याची १० ते २० तारीख जीएसटीच्या धावपळीत जाते आणि मार्चचा शेवटचा पंधरवडा तर विसराच. दिवाळीच्या तोंडावरही शक्यतो नको, कारण मालक बोनसमध्ये हजार-दोन हजार वाढवून देतात, आपण खूश होऊन येतो आणि दर महिन्याच्या वाढीचा विषय तिथेच मिटतो.

५. आकडा हातात येणाऱ्या पैशांत मोजा

सीटीसी (कंपनी वर्षाला तुमच्यावर करते तो एकूण खर्च) ६ लाख आहे आणि १२ टक्के वाढ मागताय असं धरू. वर्षाला ७२,००० म्हणजे महिन्याला ६,०००. बेसिक, म्हणजे मूळ पगार, सीटीसीच्या निम्मं असेल तर ते महिन्याला ३,००० ने वाढतं. पूर्ण बेसिकवर पीएफ असेल तर कंपनीचे ३६० आणि तुमचे ३६० तिकडे जातात. ग्रॅच्युइटी सीटीसीत धरत असतील तर ४.८१ टक्क्यांनी आणखी १४४. खात्यात ५,१३६ जास्त येतील, टॅक्स असेल तर त्याहून कमी. एवढ्यावर समाधान असेल तर १२ मागा; नसेल तर आधीच जास्त मागा. त्याच पदाच्या जाहिरातींत आणि ओळखीच्या दोघा-तिघांकडे आकडा पडताळून घ्या.

६. बोलताना

वेळ मागून घ्या, जिन्यात गाठू नका. "सर, ऑगस्टपासून डिस्पॅच मी बघते आहे. या काळात हे झालं. त्या कामाला धरून माझा पगार इतका व्हावा अशी माझी विनंती आहे." एवढं बोलून थांबा. घराचा हप्ता, मुलांची फी, शेजारच्या टेबलावरच्याचा पगार, यातलं काही काढू नका. दुसरीकडची ऑफरही खरोखर जायची तयारी असेल तरच दाखवा.

"बघू" असं उत्तर आलं तर विचारा, "केव्हा बघू, आणि तोवर माझ्याकडून काय झालेलं दिसायला हवं?" पैसे नाहीतच असं म्हणाले तर निदान पदनाम बदलून मागा, पुढच्या नोकरीत पगार ठरताना ते उपयोगी पडतं. तेही नाही आणि तारीखही नाही, तर सीव्ही नवा करायला घ्या. नोटीस पिरियड नव्वद दिवसांचा असेल तर सुरुवात लवकर केलेली बरी.

हो म्हणाले, तर पत्र आल्यावर वाढ कोणत्या तारखेपासून लागू आहे ते आधी बघा. पत्र जूनमध्ये आणि वाढ १ एप्रिलपासून असेल, तर एप्रिल-मेचा फरक जूनच्या पगाराच्या स्लिपमध्ये वेगळा दिसायला हवा. नसेल तर त्याच आठवड्यात एचआरला मेल करा.