धनुष्याने रानटर्कीची शिकार : हरणाच्या सवयी बाजूला ठेवा, या चुका टाळा

अमेरिकेत धनुष्याने शिकार करणाऱ्या बहुतेकांचा हात व्हाइटटेल हरणावर बसलेला असतो, आणि वसंतात टर्कीचा हंगाम उघडला की तेच धनुष्य, तेच बाण आणि त्याच सवयी घेऊन ते रानात उतरतात. या पक्ष्याच्या बाबतीत त्यांतील जवळपास प्रत्येक सवय नडते. हरीण माणसाला वासाने ओळखते. टर्कीला वासाची जाण फारशी नसते, पण डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे तिला मान न वळवताही सुमारे 270 अंशांतले दिसते, रंग कळतात आणि बारीकशी हालचालही नजरेतून सुटत नाही. त्यामुळे कपड्यांचा वास घालवण्यात जो वेळ जातो, तो स्थिर बसण्याच्या सरावाला द्यावा.

भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे अशी शिकार करता येत नाही. हा लेख अमेरिकेत राहणाऱ्या, तिथला शिकार-शिक्षणाचा अभ्यासक्रम पूर्ण करून रीतसर परवाना घेतलेल्या वाचकांसाठी आहे. रिकाम्या हाताने परतणे हे अपयश नव्हे. बाण लागून नाहीसा झालेला, झुडपात तडफडत मेलेला पक्षी हे अपयश आहे, आणि पुढील चुका त्याच कसोटीवर निवडल्या आहेत.

नेम पिसांवर धरणे

पूर्ण वाढलेला नर साधारण 7 ते 11 किलो वजनाचा असतो आणि पिसारा फुलवून उभा राहिला की प्रत्यक्षाहून कितीतरी मोठा दिसतो. बाणाने गाठायची हृदय-फुप्फुसांची जागा मात्र जेमतेम मोठ्या संत्र्याएवढी असते. हरणावर सराव झालेला शिकारी नकळत छातीच्या पुढच्या भागावर नेम धरतो. तिथे फक्त छातीचे मांस असते, आणि असा बाण लागलेला नर बऱ्याचदा उडून जातो व मागाहून कुठेतरी मरतो. टर्कीची नाजूक इंद्रिये अपेक्षेपेक्षा मागे आणि वर असतात.

पक्षी आडवा उभा असेल तर पायांची रेषा सरळ वर न्यावी आणि पंख जिथे शरीराला जोडला जातो त्या भागावर नेम धरावा. पिसारा फुललेला असताना शरीराची कड शोधण्यात अर्थ नसतो, कारण दिसते ती कड पिसांची असते. पाय मात्र फसवत नाहीत. पाठमोरा नर पिसारा फुलवून उभा असेल तर शेपटीच्या मुळाशी, पिसारा मिटलेला असेल तर पाठीच्या मध्यावर, दोन्ही पंखांच्या मधोमध नेम असावा. समोरून आलेल्या नराच्या छातीवर केसांसारखा जो झुपका लोंबतो, त्याला दाढी म्हणतात. तिच्या मुळाच्या किंचित वर नेम धरता येतो, पण ही जागा अरुंद आहे आणि नवख्याने तो वळण्याची वाट पाहणेच योग्य. शंका असेल तेव्हा नेम खाली व पुढे जाण्यापेक्षा किंचित वर व मागे गेलेला बरा, कारण तिथे पाठीचा कणा किंवा मांड्यांची हाडे मोडून पक्षी जागीच बसण्याची शक्यता अधिक असते.

डोके किंवा मान उडवणारी रुंद पाती विकत मिळतात. डोके सतत हलत असते, आणि त्या पात्यांना लांब बाण व वेगळी जुळणी लागते. पहिल्या हंगामात त्या वाटेला जाऊ नये. शरीरावरच्या नेमासाठी दीड ते दोन इंच रुंद कापणारे ब्रॉडहेड, म्हणजे बाणाच्या टोकाची धारदार पाती, चांगले काम देतात.

चुकीच्या क्षणी दोरी ताणणे

बंदुकीच्या शिकाऱ्याला बोट हलवून भागते; धनुर्धाऱ्याला पूर्ण हात हलवावा लागतो. नर समोरून येत असताना दोरी ताणली तर तो जवळपास नेहमीच पळतो. पिसारा फुलवून त्याने पाठ फिरवली की शेपटीच्या पंख्यामागे त्याचे डोके झाकले जाते, आणि तोच ताणण्याचा क्षण. एखाद्या जाड खोडामागून तो जात असतानाही अशी संधी मिळते.

ताणल्यावर तो वळेपर्यंत कदाचित मिनिटभर थांबावे लागेल. हरणासाठी ठेवलेला दोरीचा जोर बसलेल्या स्थितीत, हात वर न उचलता पेलत नसेल, तर तो 5 ते 10 पौंडांनी कमी करावा. टर्कीसाठी तेवढ्या जोराची गरज नसते. मात्र अनेक राज्यांत किमान जोराचा नियम असतो, त्याखाली जाऊ नये. जोर बदलला की साइट, म्हणजे धनुष्यावरचे नेम धरायचे साधन, पुन्हा जुळवणे आलेच.

ब्लाइंडमध्ये बसून सराव न करणे

ब्लाइंड म्हणजे लपून बसायचा खिडक्यांचा कापडी तंबू. त्यामुळे दोरी ताणण्याची हालचाल लपते, पण त्याचे स्वतःचे सापळे आहेत. साइटमधून खिडकीबाहेरचा पक्षी स्वच्छ दिसतो, तरी बाण साइटच्या काही इंच खालून जातो, आणि खिडकीची खालची कड उंच असेल तर तो थेट कापडात घुसतो. अंगणात उभ्याने कितीही बाण सोडले तरी ही चूक उघडी पडत नाही. ज्या खुर्चीवर बसणार, त्याच खुर्चीवर, त्याच ब्लाइंडमध्ये बसून पूर्ण ताणावे; बाणाचे टोक कडेच्या वर आहे का आणि धनुष्याचे खालचे टोक खुर्चीला किंवा गुडघ्याला लागते का, हे सोबत्याला बाजूने पाहायला सांगावे.

बाण साइटच्या खालून जातो, याच कारणामुळे फार जवळच्या पक्ष्याला तो खाली लागतो. साइटमधली 20 यार्डांसाठी जुळवलेली पिन (नेमाची खूण) 4 यार्डांवरच्या पक्ष्यावर धरली तर बाण अजून नजरेच्या रेषेपर्यंत चढलेलाच नसतो आणि दोन-तीन इंच खाली जातो. संत्र्याएवढ्या जागेत दोन इंच म्हणजे सगळेच. घरी 3, 5 आणि 8 यार्डांवरून बाण सोडून आपल्या धनुष्याचा फरक ठरवून ठेवावा.

आत काळे कपडे, काळे हातमोजे आणि काळा मुखवटा असावा. समोरची एक-दोन खिडकी सोडून बाकी सर्व बंद ठेवाव्यात, कारण मागून प्रकाश आला की आतल्या माणसाची आकृती स्पष्ट दिसते. लक्ष्याला लागल्यावर उघडणाऱ्या पात्यांचा बाण खिडकीच्या जाळीतून सोडू नये. पाती जाळीतच उघडतात.

डिकॉय दूर मांडणे

बंदुकीच्या सवयीने डिकॉय, म्हणजे नराला भुलवणारी नकली टर्की, 20 यार्डांवर ठेवले की नर त्याच्याही पलीकडे घुटमळत राहतो. धनुष्यासाठी 5 ते 8 यार्ड पुरे. तरुण नराचा, म्हणजे जेकचा, डिकॉय ब्लाइंडकडे तोंड करून ठेवावा. मोठा नर आव्हान द्यायला त्याच्या समोर येतो, त्यामुळे त्याची पाठ आपल्याकडे होते आणि दोरी ताणण्याची संधी आपोआप मिळते.

टर्कीचा आवाज काढून नराला बोलावतात, त्या बाबतीत एकच सांगणे : नर उत्तर देत जवळ येत असेल तर गप्प बसावे. तोंडात धरायचा डायाफ्राम कॉल शिकून घेतल्यास हात धनुष्यासाठी मोकळे राहतात.

बाण लागल्यावर घाई करणे

हरणामागे रक्ताचा माग काढता येतो. टर्कीच्या बाबतीत त्यावर विसंबू नये. बरेचसे रक्त दाट पिसेच शोषून घेतात. म्हणून बाण सुटताच नजर पक्ष्यावर खिळवावी आणि तो शेवटी दिसला ती जागा एखाद्या झाडावरून किंवा खडकावरून पक्की करावी. पक्षी समोर पडून उठू शकत नसेल तर लगेच जावे आणि गरज पडल्यास दुसरा बाण सोडावा. तो चालत किंवा उडत नजरेआड झाला असेल तर किमान अर्धा-एक तास शांत बसावे. मग पडलेली झाडे, काट्यांची जाळी, ओढ्याच्या कपारी वाकून पाहाव्यात, कारण जखमी टर्की अशाच जागी अंग चोरून निपचित बसते आणि माणूस दोन पावलांवरून निघून जातो.

इतर शिकारी आहेत हे विसरणे

वसंतात नराचे डोके लाल, पांढरे आणि निळे दिसते. दुसऱ्या शिकाऱ्याला आपणच टर्की वाटू नये म्हणून पायमोजा किंवा रुमालसुद्धा या रंगांचा नसावा. टर्कीच्या आवाजाच्या दिशेने लपतछपत जाऊ नये. तो आवाज दुसऱ्या माणसाचा असू शकतो. कोणी जवळ येताना दिसले तर हात न हलवता मोठ्याने बोलावे. पक्षी हाती आल्यावर राज्याच्या नियमाप्रमाणे टॅग लावावा, आणि गाडीपर्यंत तो उघडा खांद्यावर न टाकता भडक नारिंगी पिशवीत घालून न्यावा.