औताच्या बैलांसाठी वळूची निवड : खानदेशातील गोपालकांसाठी मार्गदर्शन

गावात चांगला वळू असेल तर पाच वर्षांनी गावात चांगल्या बैलजोड्या दिसतात, आणि वळू निकृष्ट असेल तर त्याची खोड पुढच्या कितीतरी वेतांत पसरलेली राहते. गायीच्या निवडीत चूक झाली तर नुकसान एका गोठ्यापुरते होते. वळूच्या बाबतीत ते साऱ्या शिवाराला भोगावे लागते. म्हणून वळू ठेवू इच्छिणाऱ्याने आणि त्याच्याकडे गाय नेणाऱ्याने काय पाहावे, कोणत्या क्रमाने पाहावे आणि व्यवहार कसा करावा, हे येथे सांगितले आहे.

प्रथम जातीचा विचार करावा. जळगाव जिल्ह्याच्या उत्तर भागात आणि सातपुड्यापलीकडील खरगोन, बडवानी भागांत निमारी गोवंश आढळतो. त्याचा तांबडा रंग आणि अंगावरचे पांढरे चट्टे सहज ओळखू येतात. तो गीर आणि खिलार यांच्या संकरातून घडला, असे मानले जाते. तापीच्या खोऱ्यात व सातपुड्याच्या पायथ्याशी, म्हणजे जुन्या पश्चिम खानदेशात, तापी खिलार किंवा थिल्लारी या नावाने ओळखला जाणारा खिलारचा एक प्रकार आहे. त्याचा रंग पांढरा असून नाकपुडी आणि खूर गाजरी छटेचे असतात. दोन्ही गोवंश ओढकामासाठीच जोपासले गेले आहेत, त्यामुळे वळू यांपैकी एका गोवंशाचा आणि शक्य तितका शुद्ध असावा. मिश्र रक्ताचा वळू स्वतः देखणा असला, तरी त्याची वासरे एकसारखी निघत नाहीत, आणि एकसारखी वासरे नसली की जोड जमत नाही.

वळू पाहायला गेल्यावर बहुतेकांचे लक्ष आधी शिंगांकडे, वशिंडाकडे आणि अंगावरच्या भोवऱ्यांकडे जाते. माझे मत असे आहे की पाहणी खुरापासून सुरू करावी आणि वर जावे. तापीकाठच्या काळ्या जमिनीत पावसाळ्यात चिखल आणि उन्हाळ्यात भेगा, तर डोंगराकडच्या रानात मुरूम आणि दगड, अशा दोन्ही ठिकाणी बैलाचे आयुष्य त्याच्या पायांवरच टिकते. खुराच्या दोन्ही नख्या सारख्या लांबीच्या, टणक आणि जवळजवळ असाव्यात. नख्या फाकलेल्या, पुढे वाढून वळलेल्या किंवा एकीवर एक चढलेल्या असतील तर तो वळू बाजूला ठेवावा. काळा खूर कणखर असतो असा आपल्याकडे समज आहे आणि पुष्कळ अंशी अनुभवही तसाच आहे, तरीही गाजरी खूर हे तापी खिलारचे जातिलक्षणच असल्यामुळे केवळ रंगावरून त्याला नाकारू नये, तर त्याला खडकाळ वाटेवर चालवून खूर कसे झिजतात हे पाहावे. आमच्या घरी एकदा डौलदार मान आणि भरदार वशिंड पाहून एक वळू आणला गेला आणि खूर पाहायचे राहून गेले. त्याच्या पहिल्याच वासरांपैकी बरीच वासरे दोन वर्षांची होईतो नख्या वाढून लंगडू लागली. ते दुःख अजून मनात आहे, आणि या लेखात खुरांना इतकी जागा मिळण्याचे कारणही तेच आहे.

खुरांनंतर मागचे पाय पाहावेत. मागचा पाय खांबासारखा सरळ असला तर ओढताना सांध्यावर ताण येतो, आणि तो जास्त वाकलेला असला तर जोर वाया जातो. वळूला कासरा धरून सपाट मातीवर सरळ चालवावे आणि पाठीमागे उभे राहून पाहावे : चालताना गुडघे एकमेकांना घासू नयेत आणि मागच्या पायाचा ठसा पुढच्या पायाच्या ठशाजवळ किंवा त्यावर पडावा. छाती रुंद, बरगड्या गोलाईने फुगलेल्या, पाठ सरळ आणि मानेवर जू बसण्याची जागा भरीव असावी. जबडा वरखाली नीट जुळतो की नाही, हेही तपासावे; जबडा जुळत नसेल तर जनावराला नीट चरता येत नाही, आणि हा दोष वासरांत उतरू शकतो.

दोन्ही वृषणे पूर्ण उतरलेली, आकाराने जवळपास सारखी, हाताला घट्ट आणि पिशवीत सहज हलणारी असावीत. एकच वृषण उतरलेले असेल, किंवा बेंबीजवळ अंतर्गळ दिसत असेल, तर बाकी सारे उत्तम असूनही त्या वळूचा नाद सोडावा. वयासाठी दात पाहावेत. पहिली पक्की जोडी साधारण दोन ते अडीच वर्षांनी येते, त्यानंतर प्रत्येक जोडीला सहा महिने ते वर्षभर लागते, आणि देशी जनावरांत हे थोडे उशिराच होते. आदत, म्हणजे अजून दुधाचेच दात असलेल्या, गोऱ्ह्याला गायीवर सोडू नये. दुसा (दोन पक्क्या दातांचा) झाल्यावर आठवड्यातून एखादे रेतन आणि चौसा (चार पक्क्या दातांचा) झाल्यावर तीनपर्यंत, इतक्यावर थांबावे.

आता स्वभाव. औताचा बैल चपळ हवा, पण माणसाला मारका नको. वळू मारका असला तरी वासरे गरीब निघतील, असे समजू नये. बाजारात, मग तो सावद्याचा असो की वरखेडीचा, गर्दीमुळे जनावर बिथरते आणि त्याचा खरा स्वभाव कळत नाही. म्हणून सौदा ठरवण्यापूर्वी मालकाच्या गोठ्यात जाऊन, घरातले माणूस त्याला दावे बांधताना आणि पाणी पाजताना पाहावे.

या साऱ्याहून मोठा पुरावा म्हणजे त्याची संतती. वेगवेगळ्या गायींपासून झालेली निदान पाच-सहा वासरे पाहावीत. एकाच उत्तम गायीचे वासरू दाखवून कोणी वळूची कीर्ती सांगत असेल, तर ते श्रेय गायीचे असू शकते. वळू तरुण असेल आणि त्याची मुले औताला लागली नसतील, तर त्याच्या बापाची बडवलेली मुले कपाशीत वखर ओढताना पाहावीत : ती दुपारपर्यंत चाल टिकवतात का, तोंड उघडून धापा टाकतात का, आणि जुवाखाली खांदे सोलवटतात का.

ओढकामाच्या जनावरांच्या नराची अशी जाहीर पारख आणि लेखी करार ही केवळ आपल्याच गरजेची गोष्ट नाही. एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्याच्या आरंभी ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडच्या वसाहतींत शेतीची कामे मोठ्या प्रमाणात ओढकामाच्या घोड्यांवर चालत. स्कॉटलंडमधून आलेले क्लाइड्सडेल आणि इंग्लंडमधून आलेले शायर जातीचे वळूघोडे हंगामात ठरलेल्या वाटेने गावोगाव चालवत नेले जात, त्यांची वंशावळ आणि फीचे नियम छापून आधीच कळवले जात, आणि शेतकरी आपल्या घोड्या वाटेवरच्या मुक्कामी आणत. क्लाइड्सडेलची संस्था 1877 मध्ये आणि शायरची 1878 मध्ये स्थापन झाल्यानंतर वंशावळीच्या नोंदवह्या छापल्या जाऊ लागल्या, त्यामुळे दूरच्या वसाहतीतल्या शेतकऱ्यालाही समोरच्या घोड्याचे बाप-आजे तपासता येत. पुढे ब्रिटनमध्ये 1918 च्या कायद्याने प्रजननासाठी फिरवल्या जाणाऱ्या घोड्याला परवाना आवश्यक ठरला, आणि वारशाने येणारे पायांचे, श्वासाचे व डोळ्यांचे दोष असलेल्या घोड्याला तो मिळेनासा झाला. आपण यातून दोन गोष्टी घ्याव्यात : वंशावळ लिहून ठेवणे, आणि दोष असलेला नर कितीही देखणा असला तरी त्याला न वापरणे.

म्हणून वळूमालकाने एक वही ठेवावी. तीत वळूच्या कानातील बिल्ल्याचा बारा अंकी क्रमांक, त्याचे आई-बाप, प्रत्येक गायीचा बिल्ला, रेतनाची तारीख आणि पुढे झालेल्या वासराचे लिंग व दोष यांची नोंद करावी. दोष लपवू नये. चार वर्षांनी तीच वही वळूची किंमत ठरवते. फीचा अर्धा भाग रेतनाच्या दिवशी आणि अर्धा गाय गाभण ठरल्यावर घ्यावा, आणि गाय उलटली, म्हणजे न फळता पुन्हा माजावर आली, तर दुसरे रेतन विनामूल्य द्यावे, असे कागदावर लिहून दोघांनी सही करावी. गाभण असल्याची खात्री पशुवैद्यकाकडून दोन ते तीन महिन्यांनी होते, म्हणून उरलेल्या रकमेची मुदत त्याप्रमाणे ठरवावी.

नैसर्गिक रेतनात रोग एका गायीकडून दुसरीकडे वळूमार्फत जातात, ही गोष्ट गावोगाव दुर्लक्षित राहते. वळूची सांसर्गिक गर्भपात म्हणजे ब्रुसेलोसिससाठी रक्ततपासणी, क्षयाची तपासणी आणि लिंगमार्गातील संसर्गासाठी धुवण तपासणी (लिंगमार्ग धुऊन त्या पाण्याची तपासणी) करून घ्यावी. नवा वळू महिनाभर वेगळा बांधावा आणि रक्ततपासणी दर सहा महिन्यांनी पुन्हा करावी. ब्रुसेलोसिस माणसालाही होतो. ज्या गायीचा गर्भ पडला आहे तिला तपासणीशिवाय वळूजवळ आणू नये, आणि असा आग्रह धरणाऱ्या वळूमालकाचा राग मानू नये. या रोगाची लस चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना देतात, वळूला नाही.

हंगामाचा प्रश्न खानदेशात विशेष महत्त्वाचा आहे. वैशाखात जळगाव-भुसावळकडे पारा 44 अंशांपर्यंत, कधी त्याच्याही वर जातो आणि त्या उष्णतेने वीर्य बिघडते. वीर्य तयार होण्यास सुमारे दोन महिने लागत असल्यामुळे मे महिन्याचा परिणाम जुलैतही जाणवतो, आणि पाऊस पडून गारवा आला तरी गायी का उलटतात हे मालकाला कळत नाही. वळूला उन्हाळ्यात निंबाच्या दाट सावलीत बांधावे, दुपारी अंगावर पाणी मारावे आणि मोठा हंगाम कार्तिक ते पौष या काळात घ्यावा. गायीचा गर्भकाळ सुमारे 280 ते 285 दिवसांचा असल्याने मग वासरे श्रावण ते आश्विन या काळात, हिरवा चारा भरपूर असताना जन्मतात.

वळूला ज्वारीचा कडबा, हिरवा चारा आणि दोन ते तीन किलो आंबोण (खुराक) द्यावे. सरकीची ढेप सोबत असावी, पण ती बेताने, कारण सरकीतील गॉसिपॉल हे द्रव्य जास्त प्रमाणात पोटात गेल्यास वीर्याला अपायकारक ठरते. रोज तासभर चालवावे. चरबी चढलेला वळू बाजारात उठून दिसतो, पण गायीवर चढताना आळस करतो.

गाय सकाळी माजावर दिसली तर संध्याकाळी आणि संध्याकाळी दिसली तर दुसऱ्या दिवशी सकाळी दाखवावी. देशी गायींचा माज पुष्कळदा मुका असतो, म्हणजे बाहेरून फारसा दिसत नाही, म्हणून बळस (योनीतून येणारा चिकट स्राव) पडते का याकडे पहाटे आणि सांजेला लक्ष ठेवावे. एकविसाव्या दिवसाच्या आसपास गाय पुन्हा माजावर आली नाही तर बहुधा ती फळली आहे, तरी तपासणी करावीच.

वळू गावात तीन वर्षांहून अधिक ठेवू नये, कारण तोवर त्याच्याच कालवडी माजावर येऊ लागतात. दोन गावांनी आपसांत वळूंची अदलाबदल केली तर दोघांचाही खर्च वाचतो. मात्र अदलाबदलीपूर्वी दोन्ही वळूंची तपासणी करून दोन्ही वह्या एकमेकांना दाखवाव्यात.