एल्डन रिंगचा नकाशा वाचायला शिकताना

एल्डन रिंग हा व्हिडिओ गेम नुकताच सुरू केलेल्यांसाठी हे लिहितोय. रोल कधी मारायचा, ग्रेसवर, म्हणजे विसाव्याच्या जागी, बसलं की काय होतं, एवढं तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालतो. मला बोलायचंय नकाशाबद्दल. या गेममध्ये बॉसच्या हातून मेलो त्याचं मला फारसं वाईट वाटत नाही, पण नकाशापायी जे तास गेले ते अजून सलतात.

पहिले तीन दिवस मी कोऱ्या नकाशावर फिरलो. आपण चालत जाऊ तसा तो आपोआप उलगडेल, अशी माझी समजूत. ग्रेस उमटत होत्या, जागांची नावं येत होती, पण खालची जमीन तपकिरी धुरात तशीच. मला वाटलं माझ्या कॉपीतच काहीतरी बिघडलंय. मग कळलं की प्रत्येक प्रदेशाच्या नकाशाचा तुकडा शोधून उचलावा लागतो आणि तो कुठे आहे हे त्या कोऱ्या नकाशावरच दाखवलेलं असतं. झूम करून बघा, बारीकसं खांबाचं चिन्ह दिसेल. तिथे खरंच रस्त्याच्या कडेला दगडी खांब उभा असतो आणि तुकडा त्याच्या पायथ्याशी. पश्चिम लिमग्रेव्हचा, म्हणजे सुरुवातीच्याच प्रदेशाचा, तुकडा गेटफ्रंटच्या पडझडीत, सैनिकांच्या छावणीत आहे. लढत बसू नका. पळत जा, उचला, पळत या. नव्या प्रदेशात शिरलात की आधी तुकडा, मग बाकीचं सगळं.

तुकडा मिळाला की घाईने नकाशा बंद करू नका, चित्र वाचा. हे मला फार उशिरा सुचलं. काळ्या भोकाभोवती तांबूस कडं दिसलं तर ती खाण, म्हणजे हत्यार वाढवायचे दगड तिथे. छोटं सोनेरी झाड काढलं असेल तर तिथे बहुतेक वेळा दांडगा पहारेकरी असतो. चर्च दिसलं तर जाऊन या, फ्लास्कचा, म्हणजे जीव भरून काढणाऱ्या बाटलीचा, जोर वाढवणारे अश्रू बऱ्याच चर्चमध्ये मिळतात. आणि एलेहच्या चर्चमधला व्यापारी काले चिठ्ठ्या विकतो, त्या घ्या. थोड्या रून्सचं, म्हणजे गेममधल्या पैशांचं, काम आहे. त्यातल्या एका चिठ्ठीवरून मी तिसऱ्या मारिका चर्चला पोचलो.

आता मी जिथे फसलो ते. नकाशा सपाट आहे, जग सपाट नाही. ऐकायला पोरकट वाटेल, मलाही वाटलं असतं. लिउर्नियाच्या पश्चिम भागाचा तुकडा उचलला तेव्हा नैर्ऋत्येला एक मोठं पठार दिसलं, वर एक कॅथेड्रल काढलेलं. माझ्या ग्रेसपासून बोटभर अंतर. मी मार्कर टाकला आणि निघालो. समोर कडा. डावीकडून गेलो, कडा. टॉरेंट या गेममधल्या घोड्यावर बसून हवेच्या झोतांवरून उड्या मारायच्या जागा शोधल्या, एकही वर नेईना. दोन संध्याकाळी मी त्या कड्याच्या पायथ्याशी काढल्या, खेकड्यांचा मार खात. घाटमाथ्यावरून कोकणातलं गाव खाली अगदी हाताशी दिसतं, म्हणून कोणी सरळ खाली उडी टाकत नाही. पण गेममध्ये मी नेमकं तेच उलट्या दिशेने करत होतो.

त्या पठाराला, म्हणजे मूनलाइट आल्टरला, लिउर्नियातून वाटच नाही. वाट जमिनीखालून आहे. रानी या चेटकिणीची क्वेस्ट, म्हणजे कामगिरी, घ्यायची, राडान या बॉसला पाडायचं, तारा पडून जमिनीला भगदाड पडलं की नोक्रॉन या जमिनीखालच्या शहरात उतरायचं, नंतर आइन्सेल नदी, सडक्या पाण्याचं तळं, शवपेटीतून प्रवास, आस्टेल हा बॉस, आणि शेवटी लिफ्टने वर. वीस-पंचवीस तासांचा वळसा झाला माझा. नकाशावर मात्र बोटभर!

म्हणून माझा आता एकच नियम आहे. मार्कर टाकण्याआधी मी आणि मार्कर यांच्यामध्ये कड्याच्या रेघा आहेत का ते बघतो. असतील तर सरळ जायचा विचार सोडून द्यायचा आणि रस्ता कुठे संपतो, लिफ्ट कुठे आहे, जमिनीखाली काय आहे, ते शोधायचं. जमिनीखालचा नकाशा वेगळा असतो, उजवी स्टिक दाबली की बदलतो. मिस्टवुडच्या विहिरीतून सिओफ्रा नदीला पहिल्यांदा उतरलो तेव्हा मला हे माहीत नव्हतं. वरचाच नकाशा उघडून मी झाडांमध्ये नदी शोधत होतो. डोक्यावर खोटं तारांगण लखलखतंय आणि मी झाडं मोजतोय. २०२४ साली आलेल्या डीएलसीत, म्हणजे गेमच्या जोडभागात, तर हा प्रकार दुप्पट आहे, तिथे एकाच्या डोक्यावर एक असे मजले आहेत. तेव्हा सवय आताच लावून घ्या.

आमच्या मामेभावाने, म्हणजे दादाने, पहिल्याच दिवशी सल्ला दिला होता: दुसऱ्या स्क्रीनवर सगळ्या खुणांचा तयार नकाशा उघडून ठेव, वेळ वाचेल. मी आठवडाभर तसं केलं आणि त्या आठवड्यातलं मला काही आठवत नाही. खुणेपासून खुणेपर्यंत कुरिअरवाल्यासारखा फिरलो. दादा चांगला माणूस आहे, पण त्याने गेम तीनदा संपवलाय आणि पहिल्यांदा हरवल्यासारखं वाटणं तो विसरलाय. असे गुरू बॉससाठी घ्या, वाटांसाठी नको. अर्थात मूनलाइट आल्टरसारखं दोन संध्याकाळी डोकं आपटलं असेल तर खुशाल विचारा, त्यात लाज नाही. मी विचारलं नाही, तो नुसता हट्ट होता.

आडवाटांना माझा विरोध नाही. मार्गिट हा बॉस जमत नसेल तर स्टॉर्मव्हेलच्या किल्ल्याला बाजूने वळसा घालून लिउर्नियात जाता येतं. कड्याच्या कडेने जाणारी ती वाट नकाशावर काढलेली आहे, फक्त बघायला हवी. मात्र एक: अघील तळ्याजवळच्या जळक्या पडझडीत जिना उतरलात आणि पेटी दिसली, तर उघडण्याआधी रून्स खर्च करून या. ती पेटी उचलून थेट केलिडमधल्या सेलियाच्या खाणीत नेऊन टाकते आणि बोगद्यातून बाहेर पडेपर्यंत फास्ट ट्रॅव्हल चालत नाही. मी तिथे अकरा वेळा मेलो. घाबरू नका, पळत सुटलं की बाहेर पडता येतं. बाहेर आल्यावर आभाळ लाल दिसेल, नकाशा पुन्हा कोरा असेल. झूम करा आणि खांब शोधा.