डिस्ट्रिब्युटरमधील आरपीएम मीटरचे झिजलेले गिअर आणि कोकणची हवा

जुन्या काही गाड्यांमध्ये, उदाहरणार्थ सुरुवातीच्या ट्रायम्फ स्पिटफायरमध्ये किंवा 1974 पर्यंतच्या शेव्हर्ले कॉर्व्हेटमध्ये, आरपीएम मीटर (इंजिनचे दर मिनिटाचे फेरे दाखवणारा) विजेवर नव्हे तर केबलवर चालतो आणि ती केबल डिस्ट्रिब्युटरच्या (स्पार्क प्लगांना पाळीपाळीने वीज पोचवणाऱ्या भागाच्या) पोटातील तिरप्या दात्यांच्या दोन गिअरांवरून फिरते. एक गिअर डिस्ट्रिब्युटरच्या शाफ्टवर असतो आणि दुसरा, म्हणजे बाजूचा, त्याला काटकोनात बसवलेला असतो. अशा जोडीत दाते एकमेकांना अगदी थोड्या जागेवर टेकतात, त्यामुळे हलके मीटर फिरवण्यापुरतेच त्यांचे बळ असते. समुद्राकाठी, विशेषतः चार महिने पावसात उभी राहून गणपतीच्या तोंडावर सुरू होणाऱ्या गाडीत, खाऱ्या दमट हवेने केबल गंजलेली आणि तिच्यातील ग्रीस घट्ट झालेले असते. सगळा जोर मग या गिअरांवर येतो. म्हणून दाते का झिजले हे शोधल्याशिवाय नवा गिअर बसवू नये. तो मी तरी वाया गेलेला खर्च समजतो.

काटा थरथरत असेल किंवा शून्यावरच पडून असेल, तर प्रथम केबल दोन्ही टोकांनी सोडवावी. मीटरच्या टोकाला केबल हाताने चिमटीत धरून फिरवावी. ती अडखळत असेल, तर दोष तिथेच सापडला. मीटरची आतली फिरकीही हलकी आहे का ते पाहावे. त्यानंतर ठिणगीची वीज देणाऱ्या कॉइलची तार काढून इंजिन स्टार्टरने फिरवावे आणि डिस्ट्रिब्युटरच्या केबलच्या तोंडात पाहावे: आतले टोक फिरत नसेल किंवा थांबत थांबत फिरत असेल, तर डिस्ट्रिब्युटर उतरवावाच लागतो.

बॅटरीची तार काढावी, पहिल्या सिलिंडरचा पिस्टन कॉम्प्रेशनच्या वेळी वरच्या टोकाला आणावा, आणि रोटरची (शाफ्टच्या डोक्यावर फिरणाऱ्या तुकड्याची) दिशा व बॉडीची जागा या दोन्हींवर खुणा करूनच डिस्ट्रिब्युटर बाहेर काढावा. तो बाहेर असेपर्यंत इंजिन फिरवू नये. शाफ्टच्या खालच्या टोकाशी असलेल्या कपलिंगवर रोटरच्या संदर्भात खूण करावी, कारण ते अर्धा फेरा उलटे बसले तर टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, पार चुकते. कपलिंग शाफ्टवर धरून ठेवणाऱ्या पिनचे ठोकलेले टोक कानसाने घासून ती पंचने बाहेर काढावी. वॉशर ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने तारेत ओवून ठेवावेत, आणि गव्हर्नरच्या (वेग वाढेल तशी ठिणगी आधी पाडणाऱ्या वजनांच्या) दोन स्प्रिंगा अदलाबदल होऊ देऊ नयेत. त्या बहुतेकदा एकसारख्या नसतात.

रॉकेलने धुतल्यावर दाते उजेडात पाहावेत. दात्याला धार आली असेल, तर तो गेला. बाजूचा गिअर एकाच पट्ट्यात घासला असेल आणि त्याला आत-बाहेर सरकायला जागा असेल, तर पातळ वॉशर घालून तो थोडा सरकवल्यास न झिजलेला भाग शाफ्टच्या दात्यांसमोर येतो. ही सोय तात्पुरती आहे, पण सुटा भाग परदेशातून येईपर्यंत गाडी चालते. दात्यांवर वेल्डिंग किंवा चिकटवण्याचे प्रयोग मात्र करू नयेत.

गिअर नवा बनवायचा असल्यास रत्नागिरीच्या मिरजोळे एमआयडीसीसारख्या ठिकाणी गिअर कापणाऱ्याकडे जुना नमुना न्यावा. दात्यांची संख्या, बाहेरचा व्यास आणि दाते डावीकडे वळतात की उजवीकडे, हे लिहून द्यावे. दात्यांना शाई लावून गिअर कागदावर सरळ घरंगळवला की दात्यांचा कोन अंदाजे कळतो. इंग्लिश गाड्यांचे गिअर मॉड्यूलवर (दात्याच्या मिलिमीटरमधील मापावर) नसून इंची डायमेट्रल पिचवर (व्यासाच्या दर इंचाला किती दाते, या मापावर) कापलेले असतात. जवळचा मॉड्यूल कटर वापरला, तर गिअर डोळ्यांना बरोबर दिसतो पण लवकरच आवाज करू लागतो. बाजूचा गिअर फॉस्फर ब्राँझचा करावा, म्हणजे पुढे झीज झालीच तर ती बदलायला सोप्या भागाची होते आणि शाफ्ट वाचतो.

शाफ्ट बुशमध्ये (तो ज्या नळीत फिरतो तिच्यात) डगमगत असेल, तर बुशही बदलावे, नाहीतर दोन्ही गिअरांमधील अंतर दर फेऱ्याला बदलत राहते आणि पॉइंटचा (ठिणगीसाठी उघडझाप करणाऱ्या संपर्काचा) गॅपही स्थिर राहत नाही. सच्छिद्र ब्राँझचे नवे बुश बसवण्यापूर्वी चोवीस तास इंजिन ऑइलमध्ये बुडवून ठेवावे. जोडताना गिअरच्या खोबणीत ग्रीस बेताने भरावे, कारण जादा ग्रीस पॉइंटपर्यंत चढते. नवी पिन ठोकून पक्की केल्यावर शाफ्ट हाताने फिरवावा. कुठेही घट्ट लागता कामा नये. लुकास 25डी जातीच्या डिस्ट्रिब्युटरमध्ये पॉइंटचा गॅप 0.35 ते 0.40 मिलिमीटर ठेवतात. शेवटी टायमिंग लाइटने टायमिंग तपासावे.

जुनी केबल आहे तशी परत लावू नये. तिची आतली तार काढून रॉकेलने धुवावी, वाळवावी आणि पातळ ग्रीस लावावे; मीटरकडील सुमारे 200 मिलिमीटर भाग पुसून कोरडा ठेवावा, नाहीतर ग्रीस मीटरमध्ये शिरते. केबलची वळणे दीडशे मिलिमीटरपेक्षा कमी त्रिज्येची नसावीत. मीटरच्या टोकाला तार आवरणाबाहेर सुमारे 10 मिलिमीटरच यायला हवी, कारण ती जास्त लांब असेल, तर नट आवळताच मागे ढकलली जाऊन नव्या गिअरवर आडवा दाब देते. नट हातानेच आवळावा आणि पहिल्या खेपेला इंजिन मंद गतीवर ठेवून काट्याकडे पाहावे. काटा उसळ्या मारू लागला, तर इंजिन तिथेच बंद करून केबल पुन्हा सोडवावी.