थंडीत गोबरगॅस मंदावला, तर शेण वाढवू नका

मार्गशीर्ष लागला की आमच्या आंबेगाव तालुक्यात एकच तक्रार ऐकू येते: "दुपारी कसाबसा भात होतो, संध्याकाळच्या भाकरीला गॅस पुरत नाही." जुन्नर, खेड, शिरूरकडेही तेच. पहाटेचा पारा दहाच्या आसपास उतरतो, आणि टाकीतल्या जिवाणूंना तर तीस ते पस्तीस अंशांची ऊब लागते. पंधराच्या खाली त्यांचं काम जवळजवळ थांबतं. टाकी जमिनीत असल्यामुळे आतलं तापमान एकदम तेवढं पडत नाही, पण रोज त्यात गार शेणकाला ओतत राहिलो तर हळूहळू पडतंच.

अशा वेळी बहुतेक जण दोन पाट्या शेण जास्त टाकतात. मीही टाकलं होतं. तीन वर्षांपूर्वीच्या पौषात आठवडाभर रोज दीडपट शेण घातलं. ज्योत आधी फिकट झाली, मग बर्नर पेटेचना. निकास हौदाजवळ गेलं की आंबलेल्या ताकासारखा वास यायचा. पुढचा महिनाभर वहिनींनी चुलीवर स्वयंपाक केला. त्यांच्या डोळ्यांत धूर गेला तो माझ्या चुकीने, म्हणून हे कळकळीने लिहितोय.

आत दोन प्रकारचे जिवाणू काम करतात. पहिले शेण फोडून आम्ल तयार करतात, दुसरे त्या आम्लाचा मिथेन करतात. थंडी दुसऱ्यांना जास्त बाधते. वरून शेण वाढवलं की आम्ल साचतं आणि मिथेन करणारे पार बंद पडतात. थंडीत दही लागत नाही तेव्हा आपण भांड्यात आणखी दूध ओततो का? भांडं गोधडीत गुंडाळतो. टाकीचंही तसंच करायचं.

सगळ्यात स्वस्त ऊब आपल्या गोठ्यातच आहे. गाईने पहाटे टाकलेल्या शेणातून वाफ निघत असते. ते तसंच ताजं कालवा. रात्रभर अंगणात पडून गारठलेलं शेण टाकायचंच असेल तर दुपारी बारानंतर, उन्हात ठेवून मग टाका. पाण्याचंही तेच. सिंटेक्सच्या टाकीतलं पाणी सकाळी बर्फासारखं असतं, पण विहिरीचं किंवा बोअरचं पाणी त्याच वेळी कोमट लागतं. मोटर चालू केल्यावर थेट पाइपातून घ्या. ते जमत नसेल तर काळा ड्रम उन्हात भरून ठेवा आणि दुपारी वापरा. शेण आणि पाणी समप्रमाणातच हवं. पाणी जास्त झालं की टाकी गार पडते आणि शेण पुरतं कुजायच्या आत बाहेर ढकललं जातं. आपल्याकडे साधारण चाळीस दिवस ते आत राहायला हवं.

टाकीभोवती फूट-दीड फूट रुंदीचा पाचट आणि शेणाचा थर रचून ओला ठेवा. कुजताना तो चांगला तापतो आणि ती ऊब भिंतीला मिळते. लोखंडी ड्रमचा प्लांट (गॅस वर तरंगणाऱ्या ड्रममध्ये साठतो तो) असेल तर रात्री ड्रमवर जुनी ताडपत्री टाका, सकाळी ऊन आलं की काढा. ड्रम वर-खाली व्हायला मोकळा राहिला पाहिजे.

2 घनमीटरच्या प्लांटला रोज सुमारे 50 किलो शेण लागतं. तीन चांगल्या संकरित गाई असतील तर तेवढं मिळतं. पूर्ण क्षमतेने चालला तर सोळा-सतरा दिवसांत एका सिलिंडरएवढा गॅस होतो. थंडीत तो बराच कमी मिळणार हे धरूनच चाला.

आता लग्नसराई आहे, म्हणून एक आवर्जून सांगतो. उरलेला भात, पोळ्या, बुंदी शेणाच्या टाकीत ओतू नका. पिठूळ अन्नापासून शेणापेक्षा कितीतरी लवकर गॅस होतो. पुण्याच्या डॉ. आनंद कर्वे यांच्या आरती संस्थेने त्यावर चालणारा घरगुती प्लांट बनवला आणि 2006 साली त्याला अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळाला. पण तो प्लांट त्यासाठीच बनवलेला आहे आणि त्यात थोडंथोडं मोजून घालतात. आपल्या गारठलेल्या टाकीत पातेलंभर भात गेला की चार दिवसांत आंबट वास सुटतो. दगडीला, म्हणजे कासेच्या सुजेला, प्रतिजैविकं दिलेल्या गाईचं शेणही काही दिवस बाजूला ठेवा आणि फिनाइलचं पाणी टाकीत जाऊ देऊ नका.

टाकी आंबलीच तर पाच-सहा दिवस काहीही टाकू नका. मग शेजारच्या चालू प्लांटची चार-पाच बादल्या स्लरी (टाकीतून बाहेर पडणारा कुजलेला शेणकाला) विरजण म्हणून घाला आणि निम्म्या शेणाने सुरुवात करा. ज्योत निळी, स्थिर झाली की वाढवत जा.

ज्योत फडफडत असेल तर आधी पाइप पाहा. थंडीत गॅसमधली वाफ पाइपात गार होऊन तिचं पाणी साचतं. सखल जागेचा पाण्याचा कॉक आठवड्यातून एकदा उघडा. गळती साबणाच्या फेसाने तपासा, काडी ओढून कधीच नको. आणि तळाचा साका (गाळ) काढायला कुणीही टाकीत उतरू नये, अगदी गॅस संपलाय असं वाटलं तरी. त्या वायूने माणूस दोन श्वासांत कोसळतो आणि वाचवायला उतरलेलाही वर येत नाही.

बाहेर पडलेली स्लरी वाया घालवू नका. कांद्याच्या लागवडीआधी ती वाफ्यात पसरून मातीत मिसळा, नंतर द्यायची तर पाण्याबरोबर पातळ करून सोडा. दौंड, इंदापूर, बारामतीकडे ऊसतोड चालू आहे. तिथे पाचट पेटवू नका. ते सरीत दाबा आणि पाण्याबरोबर त्यावर स्लरी सोडा. पाचटात नत्र कमी असतं, म्हणून ते नुसतं कुजायला वेळ घेतं. स्लरीतलं नत्र आणि जिवाणू मिळाले की ते लवकर मऊ पडतं. आमच्या पाहुण्यांच्या खोडव्यात दोन पाण्यांनंतर ते हाताने चुरगळता येत होतं आणि खाली गांडुळं दिसत होती.