हाताने वाजवायचं नळ्यांचं शिल्प: मांडण्याआधीची तयारी

येणाऱ्याजाणाऱ्याने वाजवावं असं सहा नळ्यांचं शिल्प करायचं, तर आधी स्वर ठरवा. भूप रागाचे घ्या: सा, रे, ग, प, ध आणि तार सा. म आणि नी नसल्यामुळे चार मुलांनी एकदम कशाही नळ्या बडवल्या तरी कानाला खुपत नाही.

५० मिमी व्यासाची, ३ मिमी जाडीची अॅल्युमिनियमची नळी साडेपाच मीटर लागेल. ती एकाच लॉटमधली असावी. जाडी बदलली की खालचं सगळं गणित चुकतं. लांबी अनुक्रमे १०००, ९४३, ८९४, ८१६, ७७५ आणि ७०७ मिमी. सा साधारण पेटीच्या पांढरी दोनच्या आसपास लागतो. प्रत्येक तुकडा ४ मिमी जास्त कापा आणि ट्यूनर (स्वर मोजणारं यंत्र) लावून कानसीने स्वरात आणा. सुरुवात लांब नळीपासून करा, म्हणजे जास्त कापली गेलेली नळी पुढच्या स्वराला वापरता येते.

नळ्या चौकटीत दोरीने उभ्या टांगायच्या आहेत. त्यासाठी भोकं दोन्ही टोकांपासून लांबीच्या २२.४ टक्क्यांवर पाडा. १००० मिमीच्या नळीत २२४ मिमीवर. तिथे नळी जवळजवळ कंप पावत नाही. दुसरीकडे कुठेही टांगली तर टण्ण करून आवाज लगेच मरतो. भोकाची धार घासून रबरी बुश (भोकात बसणारी कडी) बसवाच, नाहीतर दोरी कापली जाते. खालच्या भोकातूनही दोरी ओवून चौकटीला ताणून बांधा, म्हणजे नळ्या झुलून बोटं चेमटत नाहीत. दोन नळ्यांमध्ये ६० ते ७० मिमी अंतर ठेवा. ८९ ते २३० मिमीच्या फटीत लहान मुलाचं डोकं अडकू शकतं, तशी फट चौकटीत कुठेही नको.

सगळ्या नळ्यांचा मध्य जमिनीपासून ८० सेंमीवर आणा. आवाज मध्यावरच सगळ्यात भरीव येतो, आणि पाच वर्षांच्या मुलाचा किंवा चाकाच्या खुर्चीतल्या माणसाचा हातही तिथे पोचतो. रबरी गोळ्याच्या तीन हातोड्या पुरतात, प्रत्येकीच्या वाट्याला दोन नळ्या. हातोडीची दोरी गळ्याभोवती फास पडणार नाही इतकी आखूड ठेवा.

वरच्या दांडीला कोणीतरी लोंबकळणारच. म्हणून तळाच्या चौथऱ्यात वाळूची पोती भरा, चौघा मोठ्यांनी दांडी एकदम ओढून बघा, आणि तळ जरा जरी उचलला तरी पोती वाढवा. आत नायलॉनची कडी असलेले नायलॉक नटच वापरा. साधे नट कंपनाने सुटतात. जागा सावलीची निवडा, दुपारच्या उन्हात धातू हाताला चटके देतो.

‘हात लावू नये’ वाचत मोठे झालेले लोक लांबच उभे राहतात. त्यांच्यासाठी ‘वाजवा’ अशी ठळक पाटी लावा, स्वरांची नावं उठावाच्या अक्षरांत आणि ब्रेलमध्ये द्या. रोज सकाळी दोऱ्या बुशपाशी चाचपा, एक तंतू जरी तुटलेला दिसला तरी पूर्ण दोरी बदला.