मे महिन्यात पाण्याची कड मोजू नका

पाणथळीलगतच्या बांधकामांची स्थळपाहणी करायच्या कामात मी आले, तेव्हा माझ्याकडे पर्यावरणशास्त्राची एमएस्सी होती, क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर येत होतं आणि सातबारा वाचता येत होता. तुमच्याकडेही एवढं असेलच असं धरून लिहितेय. गट नंबर, मोजणीची क प्रत, झोन दाखला, बिनशेती हे सगळं इथे परत सांगत नाही. दोन महिने फाईली हाताळल्या की ते आपोआप अंगवळणी पडतं. मला बोलायचंय ते एका चुकीबद्दल. ती मी केली, तिची किंमत दुसऱ्याने मोजली, आणि आज दुसऱ्यांचे अहवाल तपासायला बसते तेव्हा दर चार-पाच फाईलींमागे एकीत मला तीच चूक दिसते.

मे महिना होता. नांदूर मध्यमेश्वर बंधाऱ्याच्या फुगवट्याला लागून एका द्राक्ष बागायतदार काकांची जमीन, तिथे त्यांना पॅकहाऊस, म्हणजे द्राक्षं निवडून भरायची शेड, बांधायचं होतं. मी तेव्हा नाशिकमधल्या एका खासगी सल्लागाराकडे नोकरीला होते. गट तिथल्या पक्षी अभयारण्याच्या हद्दीबाहेर आहे हे आम्ही यादीवरून नीट तपासलं होतं, त्यामुळे प्रश्न उरला होता तो पाणथळीपासूनच्या ५० मीटरचा, कारण तेवढ्यात पक्कं बांधकाम करता येत नाही. सकाळी साडेसातला आम्ही टेप धरला. पाणी पार आत गेलेलं. उघड्या पडलेल्या गाळावर गाळपेर केलेली होती, काकडीचे आणि टरबुजाचे वेल, मधूनच भेगाळलेली काळी जमीन. पाण्याच्या कडेपासून नियोजित जोत्यापर्यंत अंतर भरलं १४० मीटर. मी वहीत लिहिलं, ‘१४० मीटर, आवश्यक ५० पेक्षा अधिक’. काकांनी उसाचा रस पाजला. अहवाल दोन दिवसांत गेला.

हिवाळ्यात जोतं झालं. पुढच्या पावसाळ्यात ऑगस्टमध्ये पाणी आलं आणि जोत्याच्या दुसऱ्या थराला लागलं. फार मोठा पूर नव्हता, दरवर्षी येतं तसंच पाणी. मग तक्रार झाली, काम थांबवायची नोटीस आली. मी भेटायला गेले तेव्हा काका रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, “ताई, टेप तर तुम्हीच धरला होता ना?”

हे वाक्य अजून माझ्या कानात आहे. म्हणून पुढचं जरा लांबण लावून सांगते. कंटाळा आला तरी वाचा.

पाणथळ (संवर्धन व व्यवस्थापन) नियम २६ सप्टेंबर २०१७ ला आले. त्यातल्या चौथ्या नियमात पक्क्या बांधकामाला मनाई आहे, अपवाद फक्त बोटीच्या धक्क्याचा. आणि ५० मीटर मोजायचे ते पाण्याच्या कडेपासून नाहीत. ते मोजायचे गेल्या दहा वर्षांत नोंदल्या गेलेल्या सरासरी उच्च पूरपातळीपासून. ही दहा वर्षंही आजपासून मागे नाहीत, नियम लागू झाल्या तारखेपासून मागे. म्हणजे साधारण २००७ ते २०१७. ‘सरासरी’ म्हणजे प्रत्येक वर्षाची सर्वांत उंच पातळी घ्यायची आणि त्या दहा आकड्यांची सरासरी काढायची. वर्षभरातल्या सगळ्या दिवसांची सरासरी नाही, आणि आजवरचा सर्वांत मोठा पूरही नाही.

आता मुख्य मेख. पातळी ही उंची आहे, अंतर नाही. आपण नाशिककरांना हे खरं तर लहानपणापासून माहीत असतं. गोदेला पूर आला की आपण कोणी विचारत नाही पाणी किती मीटर आत आलं. आपण विचारतो, नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर लागलंय? गुडघ्याला, कमरेला की छातीला? पूर उंचीतच मोजायचा असतो. मग फाईल हातात आली की आपण टेप घेऊन अंतर का मोजत बसतो, हे मला आजही कळत नाही. मीही तेच केलं होतं.

काकांच्या जमिनीचा हिशोब सांगते. तिथला उतार साधारण १५० ला १, म्हणजे दीडशे मीटर चाललं की एक मीटर चढ. डोळ्याला ती जमीन सपाटच दिसते. मेमधली पाण्याची कड आणि सरासरी उच्च पूरपातळी यांत १.२ मीटरचा फरक निघाला. १.२ गुणिले १५०, म्हणजे १८० मीटर. पूरपातळीची रेषा मेच्या कडेपासून १८० मीटरवर, त्यापुढे बंदीचे ५० मीटर. बांधकाम २३० मीटरच्या पुढे हवं होतं. आम्ही १४० वर जोतं धरलं. ५० मीटरची अट पाळणं लांबच राहिलं, जोतं थेट पुराच्या पाण्यातच होतं. कंबरेएवढ्या उंचीचा प्रश्न जमिनीवर दोन फुटबॉल मैदानांएवढा पसरतो, तो असा.

आणि नांदूर मध्यमेश्वरला पाण्याची कड फक्त ऋतूनुसार हलत नाही. १९०७ ते १९११ मध्ये गोदावरी-कादवा संगमावर बांधलेला हा बंधारा, त्यावर डाव्या-उजव्या कालव्यांची शेती. वरून दारणा-गंगापूर धरणांचं आवर्तन सुटलं की पाणी चढतं, कालव्यांना गेलं की उतरतं. सोमवारी मोजलेली कड शुक्रवारी तिथे नसते. त्यामुळे ‘पाण्याच्या कडेपासून’ हे शब्द कुठल्याही अहवालात आले की मी तिथेच लाल पेन उचलते.

मग करायचं काय? जलसंपदा विभागाच्या शाखेत पाणीपातळीच्या नोंदी असतात, त्या मागा. तोंडी मागून मिळाल्या नाहीत तर माहिती अधिकाराचा अर्ज टाका. दहा रुपये लागतात, तीस दिवसांची मुदत असते. तीस दिवस थांबायला लागलं तर थांबा. पातळी हातात आली की कालव्यालगतच्या किंवा बंधाऱ्याजवळच्या बेंचमार्कवरून (उंची ठाऊक असलेली पक्की खूण) ऑटो लेव्हलने, म्हणजे उंची मोजायच्या दुर्बिणीच्या यंत्राने, ती उंची जमिनीवर आणा. त्या उंचीची रेषा गटातून कुठून जाते ते खुणांनी दाखवा, आणि मगच टेप काढा. इथे गूगल अर्थवरची उंची वापरू नका, मोबाइलवरची तर अजिबात नको. त्यांची चूक कित्येक मीटरची असू शकते आणि आपला सगळा प्रश्न १.२ मीटरचा आहे.

निळ्या-लाल पूररेषेशीही याची गल्लत करू नका. सप्टेंबर २००८ च्या पुरानंतर शहरात त्या रेषांची आखणी झाली, त्यामुळे नाशिकमध्ये प्रत्येकाच्या तोंडी त्या आहेत. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची. पाणथळ नियमातली सरासरी ही त्या दोन्हींहून वेगळी. तिघींचीही नोंद अहवालात स्वतंत्र ओळीत करा. एकीचं पत्र जोडून दुसरीचं काम भागत नाही.

कायद्याच्या बाजूबद्दल थोडक्यात. नांदूर मध्यमेश्वर १९८६ पासून अभयारण्य आहे, आणि रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत, आलेलं महाराष्ट्रातलं पहिलं ठिकाण, हे जानेवारी २०२० मध्ये जाहीर झालं. पाणथळ नियम रामसर स्थळांना लागू आहेत, पण वन्यजीव कायदा १९७२ खालचं क्षेत्र त्यांतून बाहेर ठेवलंय, कारण तिथे तो कायदाच चालतो. म्हणून पहिल्या पानावरच लिहा, गट कोणत्या हद्दीत आहे आणि कोणता कायदा लावून तपासलाय. ‘हे तर पाटबंधाऱ्याचं पाणी, पाणथळ कसलं?’ हा युक्तिवाद हमखास ऐकायला मिळेल. नियमांच्या व्याख्येतून सिंचनासाठी मुद्दाम बांधलेले जलाशय वगळलेत हे खरं, पण रामसर यादीतलं नाव त्याने पुसलं जात नाही. शिवाय २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशातल्या २,०१,५०३ नकाशाबद्ध पाणथळींना आधीच्या, २०१० च्या पाणथळ नियमांतल्या चौथ्या नियमाच्या तत्त्वांचं संरक्षण दिलंय. वाद घालत बसू नका, आधार लिहा आणि पुढे चला.

मला खरं तर नियमांपेक्षा जमिनीकडे बघायला शिकवायचंय. काकांच्या त्या अहवालात फोटो क्रमांक ४ होता. मीच काढलेला. बांधावरची बाभूळ, आणि तिच्या फांद्यांत माझ्या खांद्याच्या उंचीवर अडकलेली वाळलेली जलपर्णी. तिची काळी मुळं केसांसारखी लोंबत होती, मध्ये दोन प्लास्टिकच्या पिशव्या आणि तांबूस झालेला उसाचा पाचोळा. पाणी इथवर येतं हे त्या बाभळीने सरळ सांगितलं होतं. मी फोटोखाली लिहिलं, ‘परिसरातील वनस्पती’.

म्हणून आता मी आधी झाडं बघते, मग नकाशा. बाभळीवरचा कचरा, कुंपणाच्या तारेला चिकटलेला गाळ, विहिरीच्या कठड्यावरची मातीची रेघ. पायाखाली शंख-शिंपल्यांचा चुरा. लव्हाळा आणि पाणकणीस कुठवर आहे. बेशरमीची झुडपं कुठे दाट झालीत. हातभर खड्डा खणून काळ्या मातीत मुळांच्या वाटांनी तांबेरलेले ठिपके दिसतात का बघा. ते दिसले तर ती माती वर्षातले बरेच दिवस पाण्याखाली असते. आणि गाळपेर दिसली की समजून जा, तुम्ही पाण्याच्या पोटातच उभे आहात.

हे वाचून घाबरू नका. यातली एकही गोष्ट अवघड नाही. उंची आणि उताराचा गुणाकार सातवीतलं पोरगंही करतं. मी हुशारी कमी पडल्यामुळे चुकले नाही, एका सकाळीत काम उरकल्यामुळे चुकले.

उपग्रहचित्रं जरूर वापरा. सेंटिनेल-२ ची चित्रं फुकट मिळतात, दहा मीटरची स्पष्टता, दर पाच दिवसांनी एक. पावसाळ्यात ढग आड येतात, तेव्हा सेंटिनेल-१ च्या रडारची घ्या, ती ढगांतून बघतात. किमान एक ऑगस्ट-सप्टेंबरचं आणि एक मेचं चित्र शेजारी-शेजारी लावा. अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्राने केलेल्या राष्ट्रीय पाणथळ नकाशासंग्रहातही पावसाळ्यापूर्वीचं आणि नंतरचं पाणी वेगळं दाखवलंय. पण २.२५ हेक्टरपेक्षा लहान पाणथळी त्यात नुसत्या ठिपक्याने दाखवल्यात. नकाशात आकार दिसला नाही म्हणजे पाणथळ नाही, असं कधीही लिहू नका.

पंधरा दिवसांच्या जीआयएस क्लासवर पैसे घालू नका, हे माझं ठाम मत आहे. त्याच पैशांत वर्षभराचं पेट्रोल येतं. महिन्यातून दोनदा निफाडकडे जा, चापडगावच्या निरीक्षण मनोऱ्यावर चढा आणि त्याच जागेवरून त्याच दिशेला फोटो काढा. बारा महिन्यांनी तुमच्याकडे जे असेल ते कुठल्याही क्लासमध्ये मिळत नाही. जुन्या अहवालाचा मजकूर उचलून गट नंबर बदलणं तर विषच. मी एकाच आठवड्यात तीन फाईलींत ‘जमीन कोरडी व मुरमाड’ वाचलंय, आणि तिन्ही गट काळ्या मातीचे.

वरिष्ठांबद्दलही बोलते. माझे तेव्हाचे वरिष्ठ सज्जन होते, पण जागेवर न येता सही करायचे. तुमच्या वरिष्ठांना एकदा तरी सोबत चला म्हणा. नाहीच आले तर निदान पाहणीला कोण हजर होतं ते नावानिशी अहवालात लिहा. माझे खरे गुरू मला ऑफिसात भेटले नाहीत. फुगवट्यात मासेमारी करणारे एक आजोबा भेटले. त्यांनी काठीने रेघ मारून दाखवलं, ‘पोळ्याला पाणी इथं, दिवाळीला इथं, चैत्रात तिथं’. नंतर लेव्हल लावून पाहिलं तर त्यांची पोळ्याची रेघ आमच्या रेषेपासून चार पावलांवर होती. गावात गेलात की आधी अशा माणसाकडे जा. चहा घ्या. घाई करू नका.

दबाव येईल. मालक म्हणेल, सीझन जातोय. ऑफिसवाले म्हणतील, नुसतं अंतर टाक आणि पाठव. मेमध्ये पाहणी करायचीच झाली तर करा, पण लिहा की ही मेची पाहणी आहे, पूरपातळीची नोंद मागवलीय, ती येईपर्यंत अंतरावर अभिप्राय देता येत नाही. एवढं एक वाक्य लिहिल्यामुळे आजवर कोणाची नोकरी गेलेली मी पाहिली नाही. ते न लिहिल्यामुळे एका माणसाचे जोत्यापर्यंतचे सगळे पैसे मातीत गेलेले मात्र पाहिलेत.

काकांनी पॅकहाऊस नंतर रस्त्याच्या बाजूच्या गटात बांधलं. त्या जागेची पाहणी मी माझ्या खर्चाने केली, ऑटो लेव्हल भाड्याने आणून. जुनं जोतं अजून तिथेच आहे. त्याच्या कोपऱ्यावर आम्ही ऑइलपेंटने खूण केलीय आणि बेंचमार्कवरून तिची उंची काढून ठेवलीय. दर पावसाळ्यात पाणी सर्वांत वर असतं तेव्हा काका फोटो पाठवतात, सोबत तारीख आणि ‘पहिला थर’, ‘दुसरा थर बुडाला’ एवढाच मजकूर. त्यांची वही आता चार पावसाळ्यांची झालीय. आसपासचं कोणी बांधकामाला निघालं की आधी ती वही मागायला येतं.